जगभर

१
‘वर्ल्डवाइड’ला आपल्याकडे ‘जगभर’. इंग्रजी शब्द रुंदी सांगतो, मराठी शब्द भरतो. गावभर, रात्रभर, ओंजळभर, जगभर. ओंजळीला आणि जगाला एकच ‘भर’ पुरतो, हे मला फार आवडतं.

२
‘वर्ल्ड’ मुळात जागेचं नाव नव्हे. जुन्या इंग्रजीतला ‘वेर’ म्हणजे माणूस. त्याला जोडून वय, काळ. माणसाचा काळ. हा ‘वेर’ आपल्या ‘वीर’चा भाऊबंद.

३
‘ग्लोबल’ लॅटिन ‘ग्लोबस’वरून, म्हणजे गोळा. आधी अर्थ नुसता ‘गोल’. ‘साऱ्या जगाचा’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा.

४
बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, १९०३ पासून. आज तिच्यासाठी झुंजतात ते अमेरिकेतले संघ आणि कॅनडाचा एक, टोरांटोचा.

५
१९८७, लंडन. लहान रेकॉर्ड कंपन्यांची काही माणसं एका पबमध्ये जमली. आफ्रिकेतली, इकडची-तिकडची गाणी दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायची, हे दुकानदारांना कळत नव्हतं. कप्प्याचं नाव ठरलं ‘वर्ल्ड म्युझिक’. गाणी त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हाताला लागली, हे खरं. पण लंडनचं स्वतःचं पॉप त्या कप्प्यात नव्हतं. २०२० मध्ये ग्रॅमीने पुरस्काराच्या नावातला ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ घातला. जुन्या शब्दाला वसाहतवादाचा वास होता. कप्पा राहिला. ‘आम्ही सोडून बाकीचे’ याला जग म्हणणं मला पटत नाही.

६
सिनेमाच्या बातमीत ‘वर्ल्डवाइड कलेक्शन’ म्हणतात तेव्हा घरचा गल्लाही त्यात धरतात. हा वापर सरळ.

७
वर्ल्ड वाइड वेब. टिम बर्नर्स-ली यांनी नाव ठेवलं १९९० मध्ये, तेव्हा ते जाळं सर्न या संशोधन संस्थेपुरतंच होतं. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. नावातला ‘वाइड’ माझ्या लेखी त्या दिवसापासूनचा.

८
इंग्रजीत ‘वर्ल्ड वॉर’. आपण सहसा ‘महायुद्ध’ म्हणतो, जगाचं नाव घेत नाही.

९
दिवाळीआधी भाच्याला फराळ पाठवायचा होता. कुरिअरच्या काउंटरमागे निळ्या अक्षरांत ‘वर्ल्डवाइड’. आईने तिथेच डबा उघडला, चकल्यांच्या मधल्या फटींत मूठ-मूठ शंकरपाळे सोडले, डबा हलवून कानाशी धरला, आणखी थोडे सोडले. आवाज थांबल्यावर झाकण लावलं.

“रिकामं राहिलं की मोडतात,” काउंटरवरच्या मुलाला म्हणाली.