प्रणालीचे पायथन आणि विद्यार्थ्याचे पायथन

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या संगणककक्षात उबुंटूवर पायथन चालवायचे ठरले, की एकाच यंत्रावर पॅकेजेसच्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार संहितेच्या, दोन व्यवस्था एकत्र नांदू लागतात. ॲप्ट ही प्रणालीची व्यवस्था परस्परांशी जुळवून तपासलेली पॅकेजेस सर्वांसाठी बसवते आणि तिला प्रशासकाचा अधिकार लागतो. पिप मात्र ताजी आवृत्ती इंटरनेटवरून थेट विद्यार्थ्याच्या होम फोल्डरात, ‘डॉट लोकल’ या लपलेल्या जागी आणू शकते.

खरा तंटा आवृत्त्यांपेक्षा शोधाच्या क्रमाचा आहे. 2008 मध्ये पायथन 2.6 आले तेव्हापासून वापरकर्त्याचे फोल्डर प्रणालीच्या पॅकेजेसच्या आधी शोधले जाते; अधिकार नसलेल्यालाही नवे पॅकेज वापरता यावे हा त्यामागचा रास्त हेतू होता. समजा, संत्र्याच्या भावांचा आलेख काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने उबुंटू 24.04 वर, पिपचा नकार (त्याबद्दल पुढे) मोडून, नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची ताजी आवृत्ती होम फोल्डरात मागवली. प्रणालीचे नमपाय 1.26.4 असून आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब त्याच पिढीच्या नमपायवर संकलित झालेले आहे, तर जून 2024 मध्ये आलेल्या नमपाय 2.0 ने अंतर्गत द्विमान रचनाच बदलली. त्यामुळे मॅटप्लॉटलिब प्रणालीतून आणि नमपाय होम फोल्डरातून उचलले जाऊन प्रोग्राम पहिल्याच ओळीत कोसळतो. शिक्षकांनी ॲप्टने दोन्ही पुन्हा बसवली तरी काहीच फरक पडत नाही, कारण बिघाड तिथे नाहीच. आणि सर्व तुकड्या एकच लॉगिन वापरत असतील, तर सकाळच्या तुकडीने केलेला बदल दुपारच्या तुकडीला भोगावा लागतो. अशा वेळी नमपाय कोणत्या फोल्डरातून आले तो मार्ग छापून पाहावा आणि ‘वजा एस’ हा पर्याय देऊन, म्हणजे होम फोल्डर वगळून, पायथन चालवावे. त्रुटी गेली तर कारण सापडले.

सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप चालवणे याहून घातक, कारण मग तीच पॅकेजेस यंत्रावरील प्रत्येकाच्या, अगदी पायथनमध्ये लिहिलेल्या उबुंटूच्या स्वतःच्या साधनांच्याही वाट्याला येतात. म्हणूनच उबुंटू जिच्यावर बेतलेली आहे त्या डेबियन प्रणालीच्या जून 2023 मधील 12 व्या आवृत्तीपासून पिप प्रणालीच्या पायथनसाठी, होम फोल्डरातसुद्धा, काही बसवण्यास नकार देते. तो नकार ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन मोडता येतो, पण पुढे काय होणार हे त्या पर्यायाच्या नावातच लिहिलेले असताना तो सरसकट उपाय म्हणून सुचवला जावा, हे खेदजनक आहे.

योग्य मार्ग 2012 मधील पायथन 3.3 पासून उपलब्ध आहे: व्हेन्व्ह, म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळे फोल्डर, ज्यात स्वतःची पॅकेजेस असतात आणि जे सुरुवातीस मुद्दाम सांगितल्याखेरीज ना होम फोल्डरातील पॅकेजेस पाहते ना प्रणालीची. उबुंटूवर त्याचे साधन प्रशासकाने एकदा ॲप्टने बसवावे लागते. प्रत्येक फोल्डरात तीच पॅकेजेस पुन्हा उतरतात ही तक्रार खरी आहे, विशेषतः जिथे पूर्ण वर्गाला एकच इंटरनेट जोडणी पुरवायची असते. परंतु ‘पिप डाउनलोड’ने लागणाऱ्या फाइली एकदाच कक्षातील एका यंत्रावरच्या सामायिक फोल्डरात उतरवून, इंटरनेटकडे न वळता त्याच फोल्डरातून बसवण्याची आज्ञा पिपला देता येते. मात्र नमपायसारख्या संकलित फाइली पायथनच्या आवृत्तीशी बांधलेल्या असतात, त्यामुळे 3.12 साठी उतरवलेली फाइल 3.10 असलेल्या जुन्या यंत्रावर बसत नाही आणि कक्षात दोन्ही असतील, तर साठाही दोन्हींचा ठेवावा लागतो.