शेवटच्या सेवेची विद्या



गेल्या चैत्रात नातू गावी आला आणि जेवताना म्हणाला, "आबा, पुण्यात अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणारी एक संस्था आहे, तिथं लागलोय. तीन महिने शिकायचं, मग पगार." माझा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "मढ्यांचा धंदा? कीर्तनकाराच्या घरात?" पोरगा ताटावरून मुकाट्याने उठला.

त्या रात्री झोप आली नाही. चाळीस वर्षे कीर्तन केले. नदीकाठी दहाव्याची प्रवचने किती केली याचा हिशोब नाही. देह नाशिवंत आहे हे सांगितले आणि नारळ घेऊन घरी आलो. पण माझे थोरले बंधू गेले तेव्हाची गोष्ट नारदाच्या गादीवरून कधी सांगितली नाही. ती आज सांगतो.

पावसाचे दिवस होते. कळक आले, सुतळी आली, मडके आले. तिरडी बांधायला मी बसलो आणि हात थांबले. बांधणारे जुने लोक एकेक करून गेलेले. कशीबशी बांधली. सरण रचणे, मयतीचा सांगावा नेणे ही कामे पूर्वी गावाने एका वस्तीच्या माथी मारली होती. त्याच वस्तीतला, बंधूंबरोबर शेतात राबलेला एक गडी आला होता. हळूच म्हणाला, "महाराज, हे विसाव्यापर्यंत बी टिकायचं न्हाई." त्याने सगळे सोडून पुन्हा बांधले. स्मशानात सात-आठ मण लाकूड त्यानेच रचले. जाड ओंडके खाली, ओले बाजूला, मध्ये वाऱ्याला वाट. भर पावसात बंधूंना नीट अग्नी मिळाला तो त्याच्यामुळे.

तेराव्याच्या पंगतीला मी त्याला बोलावले नाही. विसरलो, असे मनाला सांगत आलो. खरे तर मला ते सुचलेच नाही.

माऊली, चोखोबांचे चरित्र मी कितीदा गायले. इ.स. 1338 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसह तिच्याखाली गेले. परंपरा सांगते, नामदेवराय स्वतः तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचून पंढरीस घेऊन आले. महाद्वारी समाधी झाली. श्रोत्यांचे डोळे भरून येत, माझेही येत. पण अस्थी वेचणारा हातही संताचाच होता, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

पहाटे नातवाला जवळ बसवले. "काय शिकवतात रे?" तो सांगू लागला. डॉक्टरांचा दाखला आधी पाहायचा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करून द्यायची. घरच्यांची रीत विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. लिंगायतांत बसवून समाधी देतात, कुठे दफन, कुठे दहन. घाई करायची नाही. "आणि आबा, 'बॉडी' म्हणायचं नाही. माणसाचं नाव विचारायचं आणि नावानंच बोलायचं."

मी म्हणालो, "हे तुला तीन महिन्यांत कळलं. मला सत्तरी ओलांडूनही कळलं नव्हतं."

मग त्याला घेऊन त्या गड्याकडे गेलो. तोही आता थकला आहे. मी पायांवर डोके ठेवले तसा तो गडबडला, त्यानेही माझे पाय धरले. मी म्हणालो, "दादा, त्या तेराव्याला माझं चुकलं. आता या पोराला तिरडी बांधायला शिकव." तो हसला. "अंगणात नगं, महाराज. घरात लेकरंबाळं हायती. शेतात चला."

बांधावर दोन कळक मांडले. नातू गाठ शिकत होता. सुतळीचे एक टोक मी धरून बसलो होतो.

रामकृष्ण हरी.