लेबलावरची तारीख



चिमूरमधला माझा खाखऱ्यांचा घरगुती उद्योग तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या चातुर्मासात सूनबाईने लेबलासाठी नाजूक, वळणदार फॉन्ट निवडला. दिसायला सुरेख! पण शेजारच्या आजी पाकीट घेऊन आल्या. "अगं, हा १ की ९? पंधरा दिवसांची मर्यादा मोजू कशी?" एकासण्याला त्यांनी खाखरा घेतलाच नव्हता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मग आम्ही सासू-सुना बसलो. ब्रँडच्या नावाला वळणदार अक्षर राहू दिलं. बाकी मजकूर 'मुक्ता' फॉन्टमध्ये घेतला. मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेला हा फॉन्ट फुकट मिळतो, बारीक ते ठळक अशा सात जाडींत. घटक आणि तारीख ठळक केली. एका लेबलावर दोनच फॉन्ट, त्याहून जास्त नाहीत. छापखान्यात देण्याआधी खऱ्या आकारात एक प्रत काढली आणि आजींनाच वाचायला दिली. त्यांनी एका दमात तारीख सांगितली!

बी.कॉम.ला जमाखर्च शिकले, पण हा हिशेब आजींनी शिकवला. नाव आपल्या ओळखीसाठी असतं. तारखेवर मात्र कुणाचा तरी नियम उभा असतो.