कणाकणाने

शाळेतून निवृत्त झाल्यापासून रात्री अंगणात बाज टाकून आकाश न्याहाळण्याचा छंद मला जडला आहे. तळहात पसरून मी स्वस्थ पडतो. हात रिता दिसतो. परंतु साधारणतः दर सेकंदाला एक सूक्ष्म कण त्यातून आरपार निघून जात असतो. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात, त्यातून हे कण जन्मतात. १९१२ साली व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने बलूनमधून ५,००० मीटरांहून अधिक उंची गाठली आणि हे किरण वरूनच येतात असे दाखविले. पण त्यांना एवढे बळ कोठून लाभते?

तारा स्फोट पावला, की त्याचे द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर उसळते. त्याच्या अग्रभागी आघात-तरंग धावत असतो. एखादा विद्युत्भारित कण हा तरंग ओलांडतो, तोच पलीकडचे विस्कळित चुंबकीय क्षेत्र त्याला माघारी फिरविते. तो पुन्हा ओलांडतो, पुन्हा फिरविला जातो. पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू अधिक वेगाने परततो, तशी प्रत्येक फेरीत कणाची ऊर्जा किंचित वाढते; शेकडा एक म्हणा ना. चक्रवाढ व्याजाचे गणित तुम्हांला ठाऊक आहेच. हजार फेऱ्यांनंतर ती ऊर्जा वीस हजार पटींहून अधिक होते!

१९४९ साली एन्रिको फर्मी यांनी अशा टकरींची कल्पना मांडली. १९७७-७८ च्या सुमारास ती आघात-तरंगांना लागू करण्यात आली. १००६ साली ज्या ताऱ्याचा स्फोट लोकांनी पाहिला, त्याच्या अवशेषाच्या कडेला अतिशय ऊर्जावान इलेक्ट्रॉन असल्याचा पुरावा १९९५ साली मिळाला. पुढे २०१३ साली फर्मी यांच्याच नावाच्या दुर्बिणीने अशा दुसऱ्या दोन अवशेषांत प्रोटॉनही बळ मिळवितात, हे सिद्ध केले. हेस यांच्या उड्डाणाला तेव्हा १०१ वर्षे लोटली होती.

परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला एखादा मुलगा आजही माझ्याकडे येतो. खाली मान घालून बसतो. मी त्याला या कणाची हकीकत सांगतो. माघारी फिरविले जाणे हाच त्याच्या सामर्थ्याचा उगम आहे, हे ऐकून त्याची मान हळूहळू वर येते. मात्र एक गोष्ट मी लपवीत नाही. प्रत्येक फेरीत काही कण प्रवाहाबरोबर मागे वाहून जातात. हजार फेऱ्या टिकणारे फारच थोडे. वाहून गेलेल्यांची चौकशी निसर्ग करीत नाही. शाळेने ती केली पाहिजे.