शीत प्रकृती आणि वर्ध्याचा हिवाळा

वर्धा जिल्ह्याची ख्याती उन्हाची. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी बाजारपेठा ओस पडतात आणि घरोघरी वाळ्याच्या ताट्या भिजू लागतात. अशा मुलखात कोणी ‘मला थंडी सोसत नाही’ म्हटले तर ऐकणाऱ्यास ते लाड वाटावेत, यात नवल नाही. तरीही प्रत्येक एकत्र कुटुंबात असा एक सदस्य असतोच. एप्रिलमध्येही तो कूलरचे तोंड दुसरीकडे वळवितो. दिवाळी सरली की त्याचे हातपाय गार पडतात, ताकाने पोट बिघडते आणि थोडेसे जेवूनही जडपणा येतो. गादीवर दिवसभर बसून राहणाऱ्यास हा त्रास अधिकच जाणवतो.

आयुर्वेदाने वात आणि कफ या दोन्ही दोषांना शीत गुणाचे म्हटले आहे. एक कोरडा व हलका, दुसरा स्निग्ध व जड. उष्ण ते केवळ पित्त. म्हणजे शीत प्रकृतीची माणसेही दोन तऱ्हांची, आणि एकाचे पथ्य दुसऱ्यास जसेच्या तसे लागू पडत नाही. दूर कोरियातील वैद्य ली जे-मा यांनी १८९४ साली ग्रंथ लिहून माणसांचे चार देहप्रकार सांगितले. त्यांतील ‘सोउमिन’ हा प्रकार मंद पचनाचा आणि थंड अंगाचा. त्याला त्यांनी ऊन अन्न, आले, दालचिनी आणि तेथील प्रसिद्ध जिनसेंग मुळी हितकर मानली. सागरापलीकडच्या त्या वैद्याचे पथ्य आणि आपल्या आजीचा बटवा यांत फारसे अंतर नाही. अडचण एकच: त्या यादीतील आले जैन स्वयंपाकघरात येत नाही.

या अडचणीचे उत्तर वर्धा जिल्ह्याच्या मातीतच आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हे गाव हळदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले. २०१६ साली वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. गडद रंग आणि कुरकुमिनचे भरपूर प्रमाण ही तिची ओळख. पावसाळ्याच्या तोंडावर लागवड होते आणि हिवाळा सरता सरता कंद जमिनीबाहेर येतात. ते उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, घासून चकचकीत केले की बाजारात येते ती आपल्या ओळखीची हळद. ओली हळद अनंतकाय म्हणून वर्ज्य, वाळलेली मात्र ग्राह्य. आल्याचे आणि सुंठेचे नाते असेच. सुंठ बटाट्यासारखी पोटभर कोणी खात नाही. चिमूटभर घ्यावयाची ती औषधाच्या भावनेने. शास्त्रकारांनी अहिंसा राखली आणि थंड प्रकृतीच्या श्रावकाची सोयही पाहिली, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, हिंग, जिरे, दालचिनी या साऱ्यांनी भरलेला मसाल्याचा डबा घरात असता आल्यावाचून काही अडू नये. त्यात विदर्भाची जवसाची चटणी आणि ज्वारीची ऊन भाकर आलीच.

उकळलेले पाणी पिण्याचा नियमही या प्रकृतीस मानवतो. अशा पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन अशी परंपरेने सांगितली जाते. पुष्कळ घरांत ते निवल्यावरच पितात. शीत प्रकृतीच्या माणसाने कोमट असतानाच घ्यावे, इतकाच फरक.

खरी कसोटी लागते ती चोविहाराच्या वेळी. डिसेंबरच्या आरंभी वर्ध्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुसऱ्या दिवशीची नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे साडेसातच्या आसपास. मध्ये जवळजवळ चौदा तास अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. आणि कापसाचा हंगाम ऐन भरात असतो तोही याच दिवसांत. हिंगणघाटसारख्या जुन्या कापूसपेठेत दुपारनंतर गाड्यांची रांग लागलेली, वजनकाटा थांबत नाही, शेतकरी पैशांसाठी खोळंबलेला. अशा वेळी व्यापारी पाच वाजता उठणार कसा? तो दुपारचा गार डबा घाईने संपवितो किंवा तसाच उपाशी राहतो आणि रात्र कुडकुडत काढतो. चार-पाच हिवाळे असे गेले की व्रताविषयीच घरात कुरकुर सुरू होते. तरुण मुलगा ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून नियम सोडून देतो, वडील दुखावतात, आणि दोष मात्र धर्माच्या माथी जातो.

वास्तविक चूक वेळापत्रकाची असते. तीन-चार महिने साडेचारला घरून ऊन जेवण पेढीवर यावे, पाळीपाळीने एकाने काटा सांभाळावा आणि दुसऱ्याने जेवून घ्यावे, एवढी व्यवस्था दोन भावांच्या पेढीत सहज बसते. मुगाचे पातळ वरण, त्यावर साजूक तूप, ओव्याची भाकर आणि शेवटी सुंठ घातलेले ऊन पाणी. त्या वेळी ताक, दही, केळी टाळावीत. हा हिशेब जमाखर्चाइतकाच काटेकोरपणे मांडला पाहिजे. घरच्या सुनेने तीन वाजता चूल पेटवावी आणि पुरुषांनी साडेसहाला ‘आज वेळ झाला नाही’ म्हणावे, हे न्यायाचे नव्हे.

वर्धा शहरातील मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेथे लाकडी घाण्यावर प्रयोग झाले. कोरड्या, वातप्रधान अंगाला तिळाच्या तेलाइतके मानवणारे दुसरे काही क्वचितच असेल. आंघोळीपूर्वी पायांना व कमरेला कोमट तेल चोळण्यास दहा मिनिटे पुरतात. कफप्रधान व्यक्तीने तेलाचा हात आखडता घेऊन चालणे वाढवावे.

सेवाग्रामला जाणाऱ्याने बापूकुटीतील जमिनीवर क्षणभर बसून पाहावे. माती, बांबू आणि कवेलूंची ती कुटी उन्हाळ्यात गारवा देते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावी आले, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. मातीच्या पट्ट्या आणि गार पाण्याचे कटिस्नान हे त्यांचे आवडते उपचार. ते वाचून काही भाविक हिवाळ्यातही पोटावर ओली माती बांधतात आणि मग निसर्गोपचाराला नावे ठेवतात. ज्याला घाम येत नाही त्याच्यासाठी गांधीजींनी ‘आरोग्याची किल्ली’मध्ये वाफेचाही उपचार सांगितला आहे, तो मात्र वाचनातून निसटतो.

आणखी एक सावधगिरी. सतत थंडी वाजणे ही दर वेळी प्रकृतीच असते असे नाही. थायरॉइडची मंदता आणि रक्ताची उणीव यांचेही हेच लक्षण. घरातील स्त्रिया वर्षानुवर्षे शाल लपेटून वावरतात, थकवा गिळतात आणि ‘माझी प्रकृतीच थंड’ म्हणून विषय संपवितात. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात एका रक्ततपासणीने उलगडा होऊ शकतो. अठ्ठाई किंवा वर्षीतपाचा संकल्प करण्यापूर्वी तर ही तपासणी व्हावीच, आणि चालू औषध कोणी आपल्या मनाने बंद करू नये.

सेवाग्रामहून पवनार जवळच. धाम नदीच्या काठावरील टेकडीवर विनोबांचा आश्रम आहे. जैन समाजाला त्यांचे ऋण ‘समणसुत्तं’मुळे ठाऊक आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षी त्यांच्याच आग्रहातून सर्व पंथांना मान्य असा हा ७५६ गाथांचा संग्रह सिद्ध झाला. १९३८ साली विनोबा येथे आले ते मात्र अगदी खंगलेल्या अवस्थेत. वजन अवघे ८८ पौंड. त्यांनी अंथरूण धरले नाही. मोकळ्या हवेत शेत खणावयास घेतले, आरंभी थोडा वेळ, मग रोज थोडा अधिक. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेले. पुढे १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी फिरले ते हेच शरीर.

आश्रमाखाली नदीच्या पात्रात काळे खडक आहेत. डिसेंबरमध्ये सकाळी नऊपर्यंत ते गारच असतात; दहानंतर ऊन चढते आणि मग तेथे निवांत बसता येते. थंड प्रकृतीच्या यात्रेकरूने पवनारला त्याच सुमारास पोहोचावे, सोबत थर्मासमध्ये उकळलेले पाणी असावे, आणि परतीची गाडी साडेचारपूर्वी घरी पोहोचेल अशी ठरवावी.