शिकवायला आलेले पाहुणे

लेहजवळच्या फे गावाशेजारी, सिंधूकाठी ‘सेकमोल’चा परिसर आहे. सोनम वांगचुक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली ही संस्था. दहावीत नापास झालेल्यांना इथे आवर्जून जागा.

परदेशी शाळांचे गट इथे येतात ते इंग्रजी शिकवायला. निदान घरून निघताना तरी तसं वाटत असतं. प्रत्यक्षात लडाखी मुलांसोबत गोल करून बसायचं आणि बोलायचं. सुरुवात अवघडलेली. मग समोरची मुलगी इथल्या इमारतींबद्दल सांगू लागते: मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडच्या काचा, दिवसभर साठवलेलं ऊन. बाहेर उणे १५ अंश असले तरी खोली उबदार.

पाहुणा वही काढतो. शिकवणारं कोण, हे कोडं त्याला तिथेच पडत असावं. तिची मात्र गाईचं दूध काढायची पाळी असते, ती उठते.