ताश्कंदहून आलेला थ्रॅश

१९८९ म्हटले की डोळ्यांपुढे बर्लिनची भिंत येते. त्या वर्षावरच्या या मालिकेत आजचे साधन मात्र एक ध्वनिमुद्रिका आहे: 'आर्टिलरी' या डॅनिश बँडचा 'बाय इनहेरिटन्स' (१९९०) हा थ्रॅश मेटल अल्बम. 'साधन' हा आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा शब्द. खरे सांगायचे तर प्रबंधिकेची टिपणे काढताना माझ्या कानात बहुधा हाच वाजत असतो.

हा बँड १९८२ मध्ये कोपनहेगनजवळच्या तोस्ट्रुप गावी सुरू झाला. गिटारवर मायकेल आणि मॉर्टेन स्टुट्झर हे बंधू, गायक फ्लेमिंग रॉन्सडॉर्फ. १९८९ साली त्यांना सोव्हिएत उझबेकिस्तानात, ताश्कंदला वाजवण्याचा योग आला. (आपल्याकडे ताश्कंद ठाऊक आहे ते १९६६ चा करार आणि शास्त्रीजींचे निधन यांमुळे.) पश्चिमेकडच्या थ्रॅश बँडने तिथवर पोहोचावे, हे पेरेस्त्रोइकेच्या वाऱ्याविना कठीणच होते.

त्या प्रवासाची खूण अल्बमच्या आरंभीच आहे. 'सेव्हन ओ'क्लॉक फ्रॉम ताश्कंद' ही जेमतेम एका मिनिटाची शब्दविहीन रचना पौर्वात्य वळणाची आहे. भैरवाची सवय असलेल्या कानाला तिथे काहीतरी ओळखीचे भेटते. प्रवासाची आठवण म्हणून एक तुकडा जोडून दिला, असे मात्र झालेले नाही. पाठोपाठ येणाऱ्या 'खोमॅनिॲक'मध्ये तीच वळणे गिटारच्या रिफमध्ये शिरतात. थ्रॅशचा रिफ एरवी ठोशांसारखा तुटक. इथे तो वेग न सोडता नागमोडी चालतो. त्यावर रॉन्सडॉर्फचा उंच, किंचित खरखरीत, विलापासारखा स्वर. त्या काळचे कितीतरी थ्रॅश गायक नुसते ओरडत, हा गातो. मुद्रणही स्वच्छ आहे. निर्माता फ्लेमिंग रासमुसेन, म्हणजे मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चाच.

मला अडखळायला होते ते पुढे. 'खोमॅनिॲक' या नावातच आयातुल्ला खोमेनींवर कोटी आहे. रश्दींविरुद्धचा फतवा फेब्रुवारी १९८९ चा, खोमेनींचे निधन त्याच जूनमधले. संताप समजण्याजोगा आहे. पण ताश्कंदच्या नावाने सुरू झालेला सूर तेहरानवरच्या रोषासाठी वापरला जातो, तेव्हा दोन्ही शहरे एकाच धूसर 'पूर्वेत' विरघळतात. एडवर्ड सैद वाचलेल्याला हे खटकावेच. सूर मोहक, शब्द भयभीत: शीतयुद्धाच्या अखेरीस युरोपने पूर्वेकडे कसे पाहिले, याचा इतका प्रामाणिक पुरावा मला मुत्सद्द्यांच्या आठवणींत क्वचितच सापडला.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, बँड विखुरला. त्याच सप्टेंबरात निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला आणि रॉकचा बाजार दुसरीकडे वळला.

थ्रॅश म्हणजे नुसता कल्लोळ, असे ज्यांना वाटते त्यांनी 'खोमॅनिॲक' एकदा शब्दांकडे दुर्लक्ष करून ऐकावे आणि एकदा शब्द समोर ठेवून. माझी तरी दोन्ही वेळची मते अद्याप जुळलेली नाहीत.